‘संदर्भ कुठे आहे?’ : विकिपीडियाच्या उंबरठ्यावर नवे सदस्य का अडखळतात?

बोरिवली पश्चिमेतील एकसर हे जुने गाव. आज ते इमारतींच्या गर्दीत हरवल्यासारखे वाटते. पण तिथले मध्ययुगीन वीरगळ अभ्यासकांना परिचित आहेत. या दगडांवर गलबतांच्या रांगा, वल्हवणारे खलाशी आणि लढणारे वीर कोरलेले आहेत. समजा, याच गावात लहानाचे मोठे झालेले एक निवृत्त गृहस्थ एका रात्री संगणकासमोर बसले आणि विकिपीडियावर आपल्या गावाविषयी चार परिच्छेद लिहून मोकळे झाले. वीरगळ कोणत्या युद्धाचे, दगडांविषयी आजोबा काय सांगत, गावदेवीची जत्रा कशी भरते, असे सारे त्यात आले. सकाळी पाहतात तो चारही परिच्छेद गायब! पानाच्या इतिहासात एवढीच नोंद : ‘संदर्भहीन मजकूर काढला.’ त्यांनी मजकूर पुन्हा घातला. तासाभरात तो पुन्हा निघाला. तिसऱ्या वेळी त्यांच्या चर्चापानावर एक ठरावीक मसुद्याचा इशारा येऊन पडला. ‘आमच्या गावाविषयी आम्हाला सांगणारे हे कोण?’ असे म्हणत गृहस्थांनी संगणक बंद केला.

हे गृहस्थ काल्पनिक आहेत. घटनांचा क्रम मात्र काल्पनिक नाही. विकिपीडियावर प्रथमच लिहिणाऱ्या असंख्य लोकांना थोड्याफार फरकाने याच अनुभवातून जावे लागते. काही जण चिकाटीने टिकतात, बहुतेक परत फिरकत नाहीत. ‘तिथे ठरावीक मंडळींचा कंपू आहे’ हा समज त्यातूनच पसरतो. कंपू मुळीच नसतो असे नाही. पण या संघर्षाचे मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा ज्ञानकोशाच्या रचनेत अधिक खोल गेलेले आहे.

मराठीला ज्ञानकोशांची परंपरा नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सिद्ध झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला ‘मराठी विश्वकोशा’चे काम उभे राहिले. या कोशांतील नोंदींवर वाचक विश्वास ठेवतो, कारण त्यामागे कोण उभे आहे हे त्याला ठाऊक असते. नोंद तज्ज्ञाने लिहिलेली असते आणि संपादक मंडळाने ती तपासलेली असते. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी सुरू केलेल्या विकिपीडियाने ही चौकटच मोडली. १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियानेही तोच मार्ग धरला. येथे कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे. लिहिणारा विद्यापीठातील प्राध्यापक आहे की आठवीतला विद्यार्थी, हे कोणाला कळत नाही आणि कळण्याची सोयही नाही. मग वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा? विकिपीडियाचे उत्तर असे, की लिहिणाऱ्यावर ठेवूच नका. त्याने दिलेला संदर्भ उघडून पाहा.

नवागताची ठेच लागते ती नेमकी येथे. तो आपल्याला ठाऊक असलेले घेऊन येतो आणि घरातली मंडळी विचारतात, हे कुठे छापून आले आहे? त्याच्या कानांना हा प्रश्न ‘तुम्ही खोटे बोलत आहात’ असा ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तसे काही नसते.

एकसरचेच उदाहरण पुढे नेऊ. या वीरगळांवरील नौकायुद्ध देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात तेराव्या शतकात झाले, असे अनेक अभ्यासक मानतात. याहून वेगळी मतेही मांडली गेली आहेत. आपल्या गृहस्थांनी मात्र ‘हे युद्ध महादेव यादवाचेच’ असे ठामपणे लिहिले. तटस्थतेच्या नियमानुसार विकिपीडिया स्वतः कौल देत नाही. कोणाचे मत काय आणि ते कोठे मांडले आहे, एवढेच तिथे नोंदवायचे असते. पुढे त्यांनी लिहिले, की शिल्पातील गलबतांची घडण पाहता ती अमुक प्रकारची असावीत. निरीक्षण कदाचित मोलाचे असेल, पण ते त्यांचे स्वतःचे आहे. विकिपीडिया नव्या संशोधनाच्या पहिल्या प्रसिद्धीची जागा नव्हे. ते आधी एखाद्या नियतकालिकात वा ग्रंथात यायला हवे. आजोबांच्या गोष्टीला तर छापील आधारच नाही. अशा रीतीने चारपैकी साडेतीन परिच्छेद नियमांच्या चाळणीतून खाली पडले.

गंमत अशी, की उरलेल्या अर्ध्या परिच्छेदासाठी भक्कम आधार उपलब्ध होता. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे जिल्ह्यातील स्थळांविषयीचा चौदावा खंड १८८२ साली प्रसिद्ध झाला. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती, त्यामुळे एकसरच्या या दगडांचे वर्णन त्यात आले आहे. ज्याने मजकूर काढला त्याला हे ठाऊक असते, तर काढण्याऐवजी तो संदर्भ जोडून मोकळा होता. पण काढणे एका कळीचे काम आहे आणि संदर्भ शोधणे एका संध्याकाळचे.

स्वतःविषयीच्या माहितीलाही हा नियम सूट देत नाही. अमेरिकी कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी आपल्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीची प्रेरणा कोणती, याबाबत विकिपीडियावरील विधान चुकीचे असल्याचे कळवले. दुय्यम स्रोत हवा, असे त्यांना सांगण्यात आले. अखेर सप्टेंबर २०१२ मध्ये रॉथ यांनी ‘द न्यू यॉर्कर’च्या संकेतस्थळावर अनावृत पत्र लिहिले. ते पत्र छापले गेले आणि आपोआपच संदर्भ म्हणून वापरता येण्याजोगे झाले! नियमाचे सामर्थ्य आणि त्याचा हास्यास्पदपणा या एका प्रसंगात एकत्र दिसतो.

पहाऱ्यावर कोण असते?

आता दाराच्या दुसऱ्या बाजूने पाहू. जाणत्या सदस्यांपुढे ‘अलीकडील बदल’ ही न संपणारी यादी सतत सरकत असते. कोणी नटाच्या जन्मतारखेत खोडसाळपणा केलेला असतो, कोणी आपल्या शिकवणीवर्गाची जाहिरात चिकटवलेली असते, कोणी वर्तमानपत्रातील बातमी जशीच्या तशी उतरवलेली असते. त्याच यादीत एकसरच्या गृहस्थांचे चार परिच्छेदही असतात. पहारेकऱ्याकडे प्रत्येक बदलासाठी काही सेकंद असतात आणि हे काम बिनपगारी असते. इंग्रजी विकिपीडियावर तर खोडसाळ बदल हुडकून काढणारे स्वयंचलित कार्यक्रम आहेत. ठरावीक मसुद्याचे इशारे एका कळीसरशी पाठवण्याची साधनेही आहेत. अशा कार्यक्रमांना मराठी विकिपीडियाने ‘सांगकाम्या’ असे नामी नाव दिले आहे. मात्र सांगकाम्याची आणि घाईतल्या माणसाची वागणूक नवागताला सारखीच वाटते.

याची किंमत विकिपीडियाने मोजली आहे. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये पन्नास हजारांपुढे जाऊन शिखरावर पोहोचली आणि २०१३ पर्यंत ती तीस हजारांच्या आसपास उतरली. आरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या घसरणीचे विश्लेषण आहे. गुणवत्ता राखण्यासाठी उभारलेली यंत्रणा आणि ताठर होत गेलेले नियम चांगल्या हेतूने आलेल्या नवागतांनाच परतवून लावतात, असा त्याचा निष्कर्ष होता. नवागतांना चावू नका, या अर्थाचे मार्गदर्शक तत्त्व इंग्रजी विकिपीडियावर फार पूर्वीपासून लिहिलेले आहे. ते मुद्दाम लिहून ठेवावे लागले, यातच काय ते आले.

पुण्यातला धडा

हा संघर्ष किती मोठा होऊ शकतो, हे महाराष्ट्राने २०११ मध्ये पाहिले. विकिपीडिया चालवण्यासाठी तांत्रिक व आर्थिक पाठबळ देणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने त्या वर्षी पुण्यात ‘इंडिया एज्युकेशन प्रोग्राम’ हा प्रायोगिक उपक्रम हाती घेतला. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आदी संस्थांचे शेकडो विद्यार्थी त्यात सहभागी झाले. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावेत, अशी योजना होती. अमेरिकेतील विद्यापीठांत असाच प्रयोग आदल्या वर्षी सुरू झाला होता. कल्पना आकर्षक होती. प्रबंध प्राध्यापकांच्या कपाटात पडून राहण्याऐवजी जगाच्या उपयोगी पडणार होते.

प्रत्यक्षात झाले ते वेगळेच. अनेक विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील आणि संकेतस्थळांवरील उतारे जसेच्या तसे उतरवून चिकटवले. आपल्याकडे जर्नल पूर्ण करण्याची जी रीत शाळेपासून अंगवळणी पडते, तीच येथे आली. विकिपीडियावर हा प्रताधिकाराचा भंग ठरतो आणि तो खपवून घेतला जात नाही. जाणत्या संपादकांनी मजकूर काढला. विद्यार्थ्यांनी तो पुन्हा घातला. सूचना चर्चापानांवर येऊन पडत होत्या आणि चर्चापान म्हणजे काय हेच अनेकांना ठाऊक नव्हते. मदतीसाठी नेमलेले दूत बहुतांशी स्वतःच नवखे होते. वर्ग अपेक्षेपेक्षा मोठे निघाले आणि गुण मिळवण्याची मुदत जवळ येताच लेखांचा लोंढा वाढला. इतक्या नवागतांना सांभाळून घ्यायचे आहे, हे इंग्रजी विकिपीडियावरील स्वयंसेवकांना विश्वासात घेऊन आधी नीट सांगितलेच गेले नव्हते. निस्तरायचे काम मात्र त्यांच्याच गळ्यात पडले. त्यांचा संताप समजण्याजोगा होता. त्या संतापात काहींची भाषा घसरली, हेही खरे.

नोव्हेंबर २०११ मध्ये हा प्रयोग आवरता घेण्यात आला. योगायोग असा, की त्याच महिन्यात, १८ ते २० नोव्हेंबरदरम्यान, मुंबई विद्यापीठात भारतातील पहिली विकिपरिषद भरली होती आणि जिमी वेल्स तिला उपस्थित होते. एकीकडे भारतीय लेखकांचे स्वागत होत होते आणि दुसरीकडे भारतीय विद्यार्थ्यांनी लिहिलेले लेख तपासून काढून टाकण्याचे काम चालू होते. पुढे फाउंडेशनने स्वतंत्र अभ्यासकाकडून या प्रयोगाचे परीक्षण करून घेतले. विद्यार्थ्यांनी उतारे चोरले, एवढ्यावर हा विषय मिटवणे सोपे आहे. पण उतारा आणि स्वतःचे लेखन यांतील भेद ज्यांना बारा वर्षांच्या शिक्षणात कोणी शिकवला नाही, त्यांना तो एका कार्यशाळेत उमगेल ही अपेक्षाच मुळात भाबडी होती.

चावडीवरचे भांडण

मराठी विकिपीडियाचे चित्र इंग्रजीपेक्षा निराळे आहे. लेखांची संख्या लाखाच्या घरात असली, तरी नियमित काम करणारे सदस्य मोजकेच. त्यामुळे सारा व्यवहार गावासारखा चालतो. सार्वजनिक चर्चेच्या पानाचे नावच ‘चावडी’. सरावासाठीचे पान ‘धूळपाटी’. पाने वगळण्याचे किंवा सदस्यांना प्रतिबंध करण्याचे अधिकार असलेले सदस्य म्हणजे ‘प्रचालक’. गावात असतो तसा जिव्हाळा येथे आहे आणि गावात असतात तशी जुनी भांडणेही. नव्या माणसाने निरागसपणे एखादा शब्द बदलावा आणि त्या शब्दावर पाच वर्षांपूर्वी रण माजलेले असावे, असे येथे सहज घडते. शुद्धलेखन, परदेशी नावांचे मराठी लेखन, रूढ इंग्रजी शब्द ठेवावेत की संस्कृतोद्भव प्रतिशब्द घडवावेत, हे वाद मराठीत संपणारे नाहीत. ते विकिपीडियावर संपावेत ही अपेक्षा करणेही चुकीचे आहे.

काही अडचणी तर निव्वळ तांत्रिक असतात, पण अपमानासारख्या लागतात. एका अंकपत्त्यावरून, म्हणजे महाजालावरील एका जोडणीवरून, एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. महाविद्यालयाच्या संगणककक्षात उत्साहाने कार्यशाळा भरते आणि सातव्या विद्यार्थ्यापुढे दार बंद होते. आयोजकाने आधी सूट मागून ठेवली तर हा प्रश्न येत नाही. पण हे त्याला कळते ते बहुधा कार्यशाळेच्या दिवशीच. मोबाइल कंपन्यांचे अंकपत्ते अनेक ग्राहकांत वाटले जातात. परिणामी कोणा भलत्याच्याच खोडसाळपणामुळे अंधेरीच्या लोकलमधून लेख दुरुस्त करू पाहणाऱ्या प्रवाशाला प्रतिबंधाची सूचना दिसू शकते.

मराठीत संदर्भ मागणे सोपे आणि देणे अवघड, हीही एक गोष्ट आहे. इंग्रजी लेखकाला बहुतेक संदर्भ घरबसल्या सापडतात. मराठी वृत्तपत्रांचे जुने अंक ग्रंथालयांत बांधून ठेवलेले असतात. २०००च्या दशकात महाजालावर आलेला बराच मजकूर ज्या त्या वृत्तपत्राच्या स्वतंत्र टंकात होता. तो शोधयंत्रांना वाचता येत नसे आणि त्यातील अनेक दुवे आता उघडतही नाहीत. त्यामुळे संदर्भ मागणाऱ्याने आपण नेमके किती श्रम मागत आहोत, याचे भान ठेवले तर भाषा आपोआप मवाळ होईल.

हा संघर्ष नेहमीच संगणकाच्या पडद्यावर राहतो असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर इंग्रजी विकिपीडियावरील छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्रात तीव्र प्रतिक्रिया उमटली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कारवाईचे निर्देश दिले, राज्याच्या सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि नंतर काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदवला. वादग्रस्त पानांना विकिपीडियावर टप्प्याटप्प्याने कुलूप लावता येते. इंग्रजी विकिपीडियावरील कडक कुलपाखाली तीस दिवस जुने खाते आणि पाचशे संपादने असल्याशिवाय पानात बदल करता येत नाही. बाहेरच्या माणसाला हे कुलूप म्हणजे आवाज दाबणे वाटते, तर आतल्याला पान वाचवण्याचा तो एकच उपाय वाटतो. चर्चापान मात्र अशा वेळीही बहुधा उघडे असते. ज्याला आक्षेप आहे त्याने ग्रंथ, आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक घेऊन तिथे जावे, ही विकिपीडियाची अपेक्षा. श्रद्धेने पेटलेल्या वाचकाला ती थंड आणि उद्दाम वाटली, तर नवल नाही.

जे छापलेच गेले नाही त्याचे काय?

संदर्भाच्या नियमावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे. छापील जगाने ज्यांच्याकडे दुर्लक्ष केले, त्यांच्याकडे विकिपीडियाही त्याच प्रमाणात दुर्लक्ष करतो. कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून मे २०१८ मध्ये नाकारण्यात आला. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि लेख लगोलग तयार झाला. नोबेलविजेतीची ही गत, तर वेसाव्याच्या कोळीवाड्यातील गीतांचे, गोराईतील ईस्ट इंडियन घरांतील चालीरीतींचे किंवा घाटकोपरच्या किरोळ गावातील जुन्या शेतांच्या नावांचे काय? उपनगरांतील गावठाणांचा इतिहास मोठ्या प्रमाणात लोकांच्या तोंडी आहे आणि तो सांगणारी पिढी आता वयोवृद्ध झाली आहे.

यावर उपाय शोधण्याचा एक प्रयत्न २०११ मध्ये अचल प्रभला यांच्या पुढाकाराने झाला. हिंदी, मल्याळम आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या भाषांत जाणकारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि ते मुद्रण लेखाला संदर्भ म्हणून जोडायचे, अशी ती योजना होती. छापील पुराव्याचा आग्रह धरणाऱ्या संपादकांचा आक्षेप असा होता, की ध्वनिमुद्रण करणारा आणि लेख लिहिणारा एकच असेल, तर त्याची तपासणी कोणी करायची? आक्षेप रास्त होता आणि गरजही खरी होती. ही पद्धत सर्वत्र रूढ झाली नाही.

एकसरच्या गृहस्थांनी संगणक पुन्हा उघडला, तर त्यांना करण्याजोगे बरेच आहे. काढलेला मजकूर नष्ट होत नाही. तो पानाच्या ‘इतिहासा’त अक्षरशः जसाच्या तसा असतो आणि तिथून परत घेता येतो. तो तिसऱ्यांदा लेखात घालण्यात अर्थ नाही. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनहून अधिक वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले, तर प्रतिबंध होऊ शकतो आणि बाजू कोणाची बरोबर होती हे तेव्हा पाहिले जात नाही. त्याऐवजी चर्चापानावर, ज्याने मजकूर काढला त्याला उद्देशून, नेमके कोणते वाक्य खटकले असे विचारावे. उत्तर बहुधा येते, कधी दोन दिवसांनी येते. आधी एखादे लहान वाक्य, एखादे छायाचित्र, एखादी तारीख, अशी किरकोळ कामे काही आठवडे केली, की नाव ओळखीचे होते आणि मोठ्या बदलांकडे पाहण्याची नजरही बदलते. हे गावाच्या रीतीला धरूनच आहे.

गॅझेटिअरचा चौदावा खंड प्रताधिकारमुक्त आहे आणि महाजालावर वाचता येतो. त्यातील वर्णन स्वतःच्या शब्दांत, पृष्ठक्रमांकासह लिहिले, तर त्याला सहसा कोणी हात लावणार नाही. इंग्रजी विकिपीडियावर लिहायचे असेल, तर मराठी ग्रंथाचा संदर्भही तिथे चालतो. ही गोष्ट नव्यांना आणि काही जुन्यांनाही ठाऊक नसते. वीरगळांचे स्वतः काढलेले छायाचित्र मुक्त परवान्याखाली चढवता येते. युद्ध कोणाचे, या प्रश्नावर दोन मते दोन ग्रंथांच्या नावांनिशी शेजारी शेजारी ठेवता येतात.

राहता राहिली आजोबांनी सांगितलेली गोष्ट. जत्रेच्या एखाद्या जुन्या स्मरणिकेत ती छापून आली असेल, तर त्या स्मरणिकेला विश्वसनीय स्रोत मानायचे की नाही, यावर चर्चापानावर वाद होईल. काही जण ‘नाही’ म्हणतील, काही जण ‘गावकऱ्यांची समजूत म्हणून नोंदवू या’ म्हणतील. ती कोठेच छापलेली नसेल, तर लेखात तिला जागा नाही. मग गृहस्थांनी आधी ती एखाद्या दिवाळी अंकाला किंवा वृत्तपत्राच्या पुरवणीला लिहून पाठवावी. त्यांच्या वयाचे दुसरे कोणी एकसरमध्ये उरले असेल, तर त्यांनाही सोबत घ्यावे.